गोठ्यातील प्रेशर वॉशर : दोष कसा शोधावा व दुरुस्ती कोठवर करावी

दुग्धव्यवसाय करणाऱ्या कुटुंबांत गोठ्याची फरशी, ट्रॅक्टर, दुधाचे कॅन व फवारणीची साधने धुण्यासाठी विजेवर चालणारे लहान धुलाईयंत्र आता बरेच ठिकाणी आढळते. बाजारात त्यास प्रेशर वॉशर म्हणतात. यंत्र नवे असता फरशीवरील वाळलेले शेण क्षणात सुटते. एक-दोन हंगाम लोटले म्हणजे फवारा मंदावतो, यंत्र धडधडू लागते किंवा मोटर नुसतीच घुमते. मग ते मोटारसायकलवर बांधून तालुक्याच्या गावी नेले जाते आणि तेथे बहुधा "पंप गेला" असे एकच निदान ऐकावयास मिळते. वास्तविक अशा यंत्रांतील बहुतेक तक्रारींचे मूळ पंपात नसून पंपाच्या अलीकडे किंवा पलीकडे असते. पाणी कमी पोहोचते, नळीतून हवा शिरते, वीज अशक्त असते किंवा नॉझल झिजलेले असते. हे दोष कोणताही स्क्रू न काढता ओळखता येतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रम स्वतः एकदा करून पाहिल्यास गावात त्याचे प्रात्यक्षिक देणे अवघड नाही.

यंत्राची रचना थोडक्यात लक्षात घ्यावी. मोटरच्या दांड्यावर एक तिरकी तबकडी फिरते व ती तीन लहान पिस्टनांना आळीपाळीने मागेपुढे ढकलते. प्रत्येक पिस्टनास पाणी आत घेणारा एक व बाहेर सोडणारा एक असे दोन एकमार्गी व्हॉल्व्ह असतात. फळबागेतील एचटीपी पंप ज्यांनी उघडून पाहिला आहे त्यांस तीन पिस्टनांची ही रचना नवी वाटणार नाही. तो पंप मोठा व मजबूत असतो, हा लहान व नाजूक, इतकेच. घरगुती यंत्र साधारणतः १,४०० ते १,८०० वॅटचे असते, मिनिटास ५ ते ७ लिटर पाणी घेते आणि ते १०० बार किंवा त्याहून काहीशा अधिक दाबाने सोडते. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पंप केवळ पाणी ढकलतो. दाब उत्पन्न होतो तो नॉझलच्या बारीक छिद्रामुळे. त्यामुळे फवारा कमजोर झाला म्हणजे पंपच कमजोर झाला, असा अर्थ होत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

ओली फरशी, अनवाणी पाय आणि २३० व्होल्टची वीज या तिन्ही गोष्टी गोठ्यात एकत्र येतात. गोठा धुण्याचे काम पुष्कळ घरांत स्त्रियाच करतात, आणि यंत्र कोणत्या वायरवर चालते याची चौकशी मात्र क्वचितच कोणी केलेली असते. यंत्राच्या प्लगला तीन पिना असणे पुरेसे नाही. भिंतीवरील सॉकेटमध्ये अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे व ती जमिनीतील अर्थिंगपर्यंत अखंड पोहोचते, याची खात्री परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. त्या मार्गावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. यंत्र लावताच आरसीसीबी पडत असेल तर यंत्राच्या आत ओल शिरली आहे किंवा वायरचे वेष्टन फाटले आहे असे समजावे. तो वगळून थेट जोडणी करणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. अशा वेळी घरी काहीही न करता यंत्र बंद ठेवून जाणत्या कारागिराकडे न्यावे.

दुसरा धोका पाण्याचा. १०० बार दाबाखाली नॉझलमधून निघणाऱ्या धारेचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. अशी धार जवळून हातावर बसल्यास पाणी व घाण कातडीखाली खोलवर शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, वेदनाही प्रथम बेताचीच असते, आणि म्हणून हळद लावून काम पुढे चालू ठेवण्याकडे कल होतो. ही जखम आतून बिघडते व बोट गमावण्याची पाळी येऊ शकते. तिच्यासाठी त्याच दिवशी, होता होईल तो त्याच तासात, रुग्णालय गाठावे व धार दाबाची होती हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. जनावरांच्या अंगावर तर ही धार कधीही धरू नये.

म्हणून कोणतीही जोडणी सोडविण्यापूर्वी स्विच बंद करावा, प्लग सॉकेटमधून काढावा, पाणी बंद करावे आणि गनचा चाप दाबून नळीत कोंडलेला दाब सोडून द्यावा. हा क्रम प्रत्येक वेळी पाळावा. नॉझल तुंबले आहे काय हे पाहण्यासाठी त्याच्या तोंडाशी डोळा किंवा बोट नेण्याची सवय विशेष घातक आहे.

पाणी पुरेसे मिळते काय ?

दोषाचा शोध नळापासून सुरू करावा व पाण्याच्या वाटेने नॉझलपर्यंत जावे. यंत्रास जोडलेली नळी काढून तिच्याखाली १० लिटरची बादली ठेवावी व ती किती वेळात भरते ते मोबाईलच्या घड्याळात पाहावे. यंत्राची गरज मिनिटास ६ लिटरची असेल तर पुरवठा ८ लिटरचा तरी असावा, म्हणजेच बादली ७५ सेकंदांत भरली पाहिजे. दोन मिनिटे लागत असतील तर यंत्रात काहीही दोष नाही. टाकी फार खाली आहे, नळी लांब व बारीक आहे किंवा कोठेतरी मुरगळली आहे. घरावरील टाकीतून येणारे पाणी सकाळी पुरेसे व दुपारी कमी, असेही होते. तेव्हा ज्या वेळी तक्रार येते त्याच वेळी मोजमाप करावे.

यानंतर यंत्राच्या तोंडाशी असलेली जाळी पाहावी. ही बारीक जाळी जोडणीच्या आत बसविलेली असते व ती तेथे आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. विहिरीच्या किंवा कालव्याच्या पाण्यातील गाळ, शेवाळ व टाकीतील बारीक कचरा तिच्यावर साचतो. पक्कडीने हलकेच ओढून ती काढावी, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने धुवावी व परत बसवावी. जाळी फाटली असल्यास नवी आणेपर्यंत यंत्र चालवू नये. एकच वाळूचा कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला तरी दाब जातो, आणि पिस्टनवर ओरखडा उमटला तर तो कधीही भरून येत नाही.

काही शेतकरी पाणी ओढणाऱ्या नळीच्या टोकास धोतराचा तुकडा दुहेरी-तिहेरी गुंडाळून बांधतात. हेतू चांगला असला तरी जाड कापडातून पाणी पुरेशा वेगाने येत नाही व पंप उपाशी राहतो. कापड ड्रमच्या तोंडास बांधावे, म्हणजे पाणी भरतानाच गाळले जाईल, आणि नळीच्या टोकास फक्त जाळी ठेवावी. ज्या ड्रममध्ये कीटकनाशक कालविले जाते तो या कामी कदापि वापरू नये.

पाणी ड्रममधून ओढावयाचे असल्यास आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. या यंत्रांची पाणी वर ओढण्याची शक्ती अगदी थोडी, सुमारे अर्धा मीटर असते. काही यंत्रांत ती नसतेच. ड्रम यंत्रापेक्षा उंच ओट्यावर ठेवणे हाच उत्तम उपाय. दुसरे, बागेत वापरली जाणारी मऊ नळी ओढीमुळे आतल्या आत चपटी होते. वरून काही दिसत नाही, परंतु पाणी अडते. ओढीसाठी आत तारेची गुंडाळी असलेली नळी घ्यावी.

वैशाखात स्लॅबवरील काळ्या टाकीचे पाणी हाताला चटका बसण्याइतके तापते. बहुतेक घरगुती यंत्रे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्याच पाण्यासाठी बनविलेली असतात. त्याहून गरम पाण्याने रबरी सील लवकर निकामी होतात. उन्हाळ्यात यंत्र सकाळी चालवावे, हे वीज व पाणी या दोन्ही दृष्टींनी सोयीचे ठरते.

फवारा धडधडतो, नळी उसळते

ही सर्वांत अधिक आढळणारी तक्रार होय, आणि तिची दोन कारणे एकमेकांपासून वेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिले कारण हवा. ओढीच्या नळीच्या जोडणीत वॉशर नसेल, क्लिप ढिली असेल किंवा नळीस बारीक चीर असेल तर तेथून पाणी गळत नाही. उलट हवा आत शिरते. त्यामुळे दोष डोळ्यांस दिसत नाही. अशा वेळी फवारा अनियमित असतो. मध्येच जोराचा, मध्येच फुसका. नळी पारदर्शक असल्यास बुडबुडे दिसतात. नसल्यास प्रत्येक सांध्यावर साबणाच्या पाण्याचा फेस थापून यंत्र चालवावे. ज्या ठिकाणी फेस आत ओढला जातो तेथे दोष आहे. वॉशर बदलून व क्लिप आवळून काम भागते.

हवा एकदा पंपात शिरली म्हणजे सांधा दुरुस्त केल्यावरही ती आपोआप जातेच असे नाही. ती काढण्यासाठी गनची पुढील दांडी काढून टाकावी, ओढीची नळी पाण्याने काठोकाठ भरून जोडावी, चाप दाबून धरावा व मगच यंत्र सुरू करावे. पाणी प्रथम फुरफुरत व नंतर सलग येऊ लागते. सलग धार आल्यावर यंत्र बंद करून दांडी परत लावावी. पाण्याशिवाय यंत्र मिनिटभरही चालू देऊ नये. सील पाण्यानेच थंड राहतात व कोरडे चालल्यास जळतात.

दुसरे कारण म्हणजे तीन पिस्टनांपैकी एकाचा व्हॉल्व्ह अडकणे. येथे धडधड अनियमित नसून तालबद्ध असते व नळी त्याच तालावर थरथरते. खात्रीसाठी पुन्हा बादलीचाच उपयोग करावा. गनची दांडी काढून, चाप दाबून, एक मिनिट यंत्र चालवून बाहेर येणारे पाणी मोजावे. यंत्रावरील पाटीवर मिनिटास ६ लिटर लिहिले असेल व बादलीत ४ लिटरच्या आसपास पाणी जमले असेल तर तिघांपैकी एकजण काम करीत नाही हे उघड आहे. दोन मिनिटांत होणारी ही चाचणी पंप उघडावा की नाही याचा बराचसा निकाल लावते.

फवारा सलग, पण कमजोर

पाणी पुरेसे आहे, हवा नाही, बादलीतील मापही बरोबर आहे, तरीही फवाऱ्यात जोर नाही, अशा वेळी प्रथम नॉझल पाहावे. फिरवून फवारा बदलणारे नॉझल असल्यास ते चुकून कमी दाबाच्या बाजूस फिरलेले असते; साबण ओढण्यासाठी ही बाजू मुद्दाम दिलेली असते. इतक्या क्षुल्लक कारणासाठीही यंत्रे दुकानात येतात. नॉझल तुंबले असल्यास ते काढून यंत्रासोबत मिळालेल्या टाचणीने पुढील बाजूने मोकळे करावे व उलट्या दिशेने पाण्याने धुवावे. खिळा किंवा जाड तार खुपसू नये. नॉझल तुंबते तेव्हा मोटरचा आवाज जड होतो. झिजते तेव्हा आवाज बदलत नाही, धार मात्र पसरट व मऊ होते. छिद्राचे क्षेत्रफळ एक दशांशाने वाढले तरी दाब सुमारे सहाव्या हिश्शाने घटतो. गाळाच्या पाण्यावर चाललेले नॉझल म्हणूनच डोळ्यांस चांगले दिसत असूनही निकामी झालेले असू शकते. शेजाऱ्याकडे त्याच बनावटीचे यंत्र असल्यास त्याचे नॉझल लावून पाहणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

नवे नॉझल लावूनही जोर आला नाही तर दोष सीलमध्ये किंवा दाब नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे. सीलची झीज दाबाखालीच प्रकट होते; म्हणून बादलीच्या चाचणीत ती दिसत नाही. पंपाखाली कागद अंथरून यंत्र चालवावे. काही थेंब पडले तर चिंता नको, सतत धार लागल्यास सील बदलावे लागतील. पंपातील तेल दुधासारखे पांढरे झाले असल्यास पाणी तेलात शिरले आहे, हे निश्चित समजावे.

चाप सोडल्यावर मोटर बंद होणारी यंत्रे असतात. पंपाच्या डोक्यात कोंडलेला दाब एक लहान स्विच दाबून मोटर थांबवितो. चाप सोडलेला असताना असे यंत्र दर थोड्या वेळाने आपोआप क्षणभर सुरू होत असेल तर दाब कोठून तरी निसटत आहे. गन, नळीचे सांधे व ओ-रिंग पाहाव्यात. तेथे गळती नसल्यास पंपातील बाहेर जाणाऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ज्या यंत्रांत चाप सोडल्यावरही मोटर चालूच राहते, त्यांत तेच पाणी पंपात फिरत राहून तापते. अशी यंत्रे दोन-तीन मिनिटांहून अधिक काळ तशी ठेवू नयेत.

मोटर चालत नाही किंवा नुसती घुमते

सॉकेटमध्ये दिवा लावून वीज आहे याची खात्री करावी. यंत्र नुकतेच तापून बंद पडले असेल तर आतील संरक्षक स्विच थंड होईपर्यंत अर्धा तास थांबावे. मोटर नुसती घुमत असेल तर त्याच क्षणी बंद करावी, अन्यथा वायंडिंग जळते. चाप दाबून दाब सोडावा व चाप दाबलेलाच ठेवून पुन्हा सुरू करावी. पुष्कळदा तेवढ्याने ती उचलते.

न उचलल्यास वायरकडे पाहावे. घरापासून गोठ्यापर्यंत टाकलेली बारीक वायर हा फार मोठा व फार दुर्लक्षिलेला दोष आहे. १,५०० वॅटचे यंत्र सुमारे ७ अँपिअर वीज ओढते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने ३० मीटर अंतर गाठल्यास चालू यंत्रावर जवळजवळ १० व्होल्ट वाटेतच गळतात. सुरू होताना विजेची ओढ कित्येक पट असते व त्या प्रमाणात घटही वाढते. त्यात संध्याकाळचा अशक्त पुरवठा मिळाला तर मोटर उठणार कशी? तेथे २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यास हीच घट ३ व्होल्टच्या आसपास राहते. गुंडाळीवरील वायर पूर्ण उलगडून वापरावी व तिचा सांधा कधीही फरशीवर पडू देऊ नये.

आवाज मोठा व वजन हलके असलेल्या मोटरींत कार्बन असतात. ते झिजून मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके उरले म्हणजे जोडीने बदलावेत. प्लग काढून हे काम घरी होण्यासारखे आहे. जड, कमी आवाजाच्या मोटरींत कंडेन्सर असतो. यंत्र बंद असतानाही त्यात वीज साठून राहते व हात लागताच जबर धक्का बसतो. तो तपासणे वायरमनवर सोपवावे. वायंडिंग जळून वास आलेल्या लहान यंत्राची मोटर भरून घेण्यात बहुधा फायदा नसतो.

पंपाचे डोके उघडणे

वरील सर्व पाहून झाल्यावरच हे काम हाती घ्यावे. आच्छादन काढताना प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने छायाचित्र काढून ठेवावे आणि स्क्रू निरनिराळ्या वाट्यांत ठेवावेत. डोक्याचे बोल्ट एकदम न काढता समोरासमोरचे थोडेथोडे सैल करावेत. आतील व्हॉल्व्ह लहान असतात व त्यांच्या स्प्रिंगा उडतात. म्हणून खाली पांढरे कापड अंथरावे. आत घेणारे व बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उलटसुलट बसविल्यास पंप पाणीच उचलत नाही, तेव्हा त्यांची दिशा नोंदून ठेवावी.

बोअरच्या जड पाण्याने व्हॉल्व्हवर पांढरा क्षार धरलेला असतो. १ लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून व्हॉल्व्ह व नॉझल त्यात अर्धा तास ठेवावेत, ब्रशने घासावेत व स्वच्छ पाण्याने धुवावेत. शौचालयाचे तीव्र अॅसिड वापरू नये. स्वस्त यंत्रांतील अॅल्युमिनियमचे डोके त्याने खाल्ले जाते. गोठ्यात ब्लिचिंग पावडर असतेच. ती व लिंबूसत्त्व यांचा संपर्क येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ओ-रिंग जुनी नमुन्यादाखल नेऊन त्याच मापाची आणावी व सिलिकॉन ग्रीस लावून बसवावी. चाकाचे साधे ग्रीस काही जातींच्या रबरास फुगविते.

पिस्टनवर नखास लागेल असा ओरखडा असेल, किंवा डोक्याच्या आतील भिंतीस खड्डे पडले असतील तर नवे सील घालूनही ते फार दिवस टिकत नाहीत. मग डोक्याचा पूर्ण संच मिळतो काय व त्याची किंमत नव्या यंत्राच्या तुलनेत किती, हे पाहून निर्णय घ्यावा. यंत्र विकत घेतानाच सील, व्हॉल्व्ह व नॉझल तालुक्याच्या ठिकाणी मिळतात काय, हे दुकानदारास विचारणे इष्ट. कार्यकर्त्यांनी आपल्या भागात कोणत्या बनावटीचे सुटे भाग कोठे मिळतात याची एक यादी करून ती दूध संकलन केंद्रावर लावल्यास तिचा मोठा उपयोग होईल.

दुरुस्तीनंतर यंत्र प्रथम दांडी न लावता, नंतर दांडी लावून पाच मिनिटे चालवावे व पुन्हा एकदा बादलीने माप घ्यावे. हे माप तारखेसह यंत्राच्या पाठीवर रंगाने लिहून ठेवावे, म्हणजे पुढील वेळी तुलनेस ते हाताशी राहील. रोजच्या कामानंतर साबणाची बाटली काढून अर्धा मिनिट साधे पाणी सोडावे, पाणी बंद करून उरलेले पाणी निघून जाईपर्यंत अगदी क्षणभर चालवावे, आणि यंत्र जमिनीपासून उंच फळीवर, शेण-मूत्राच्या वाफेपासून दूर ठेवावे. नळी सैल वेटोळ्यात टांगावी. खिळ्यावर टांगल्यास ती त्याच जागी मोडते, म्हणून जुन्या सायकलच्या चाकाची रिम भिंतीस लावून तिच्यावर गुंडाळणे चांगले.